आजचं चिंतन : मुलाचा अभिमान वाटतो, म्हणजे नेमकं काय वाटतं?



आजचं वाचन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातलं. गीतेच्या या अध्यायात सातव्या श्लोकापासून अकराव्या श्लोकापर्यंत भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात. गंमत अशी, की या यादीत पाठांतर नाही, पदवी नाही, वादात कोणाला हरवणं नाही. पहिलंच लक्षण आहे ‘अमानित्व’. म्हणजे आपल्याला मान मिळावा अशी हाव नसणं. थोडं पुढे गेलं की नवव्या श्लोकात ‘अनभिष्वंग’ येतो. शब्द अवघड आहे, अर्थ रोजचा आहे. मुलंबाळं, जोडीदार, घरदार यांच्यात स्वतःला इतकं मिसळून टाकायचं नाही, की त्यांचं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं हेच कळेनासं व्हावं. आद्य शंकराचार्यांनी आपल्या गीताभाष्यात याचा फार नेमका खुलासा केलाय. दुसरा सुखी झाला की ‘मीच सुखी’ आणि दुसरा दुःखी झाला की ‘मीच दुःखी’ असं वाटणं, म्हणजे अभिष्वंग. तो नसणं हे ज्ञान.

ही दोन लक्षणं काल रात्री पाठोपाठ वाचली आणि डोळ्यांसमोर काय आलं सांगू? दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशीचे व्हॉट्सॲप स्टेटस. गुणपत्रिकेचा फोटो, खाली ‘प्राऊड फादर’, ‘प्राऊड मॉम’, चार हार, दोन ट्रॉफ्या आणि एक लाल हृदय. आपल्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांनी ते ठेवलेत. ज्यांची मुलं आता नर्सरीत जायला लागलीत, ते स्वतः ठेवायला लागलेत. मुलानं स्टेजवर हात हलवला, व्हिडिओ अपलोड!

मग प्रश्न पडतो. भगवंत म्हणतात मानाची हाव नको, मुलांत गुंतून जाऊ नको. सोळाव्या अध्यायात तर आसुरी संपत्तीच्या यादीत दंभ आणि दर्प यांच्या शेजारी ‘अभिमान’ हा शब्द सरळ नावानिशी बसवलाय. आणि आपण तर उठता-बसता म्हणतो, ‘बाळा, मला तुझा अभिमान वाटतो.’ मग हे आसुरी झालं का? लेकराला जवळ घेऊन हे वाक्य म्हणणारी आई चुकते का?

घाईनं उत्तर द्यायला नको. आज या एकाच शब्दाला जरा उलटंसुलटं करून बघूया.

‘माझे’ आणि त्यांचे

गीता सुरू कोणाच्या तोंडून होते, आठवतंय? कृष्णाच्या नाही, अर्जुनाच्याही नाही. पहिला श्लोक धृतराष्ट्राचा आहे. एक बाप संजयाला विचारतोय, की रणांगणावर माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केलं? खरं तर पांडू हा त्याचा भाऊ. ती मुलं याच घरात, याच अंगणात वाढलेली. तरी ‘माझे’ वेगळे आणि ‘पांडूचे’ वेगळे. सातशे श्लोकांचा हा ग्रंथ एका बापाच्या ‘माझे’ या शब्दापाशी सुरू होतो, हे मला नेहमी विचारात पाडतं.

धृतराष्ट्राचं दुर्योधनावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? भरपूर होतं. विदुर त्याला वेळोवेळी समजावत राहिला, आणि त्याला ते कळतही होतं. पण मुलाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे स्वतःलाच ‘नाही’ म्हणणं होतं. दुर्योधनाचं राज्य हेच त्याचं न मिळालेलं राज्य होतं. डोळे नसल्यामुळे आपलं सिंहासन हुकलं, ते मुलाच्या रूपानं पुन्हा मिळवायचं, ही भूक त्या पुत्रप्रेमाखाली दडलेली होती. शंकराचार्य ज्याला अभिष्वंग म्हणतात तो हाच.

त्याच घरात गांधारीही होती. डोळ्यांवर पट्टी तिच्याही होती. युद्धाच्या वेळी दुर्योधन विजयाचा आशीर्वाद मागायला आला, तेव्हा ती ‘तू जिंकशील’ असं म्हणाली नाही. जिकडे धर्म तिकडे जय, एवढंच म्हणाली. पोटच्या पोराला असं सांगताना तिच्या जिवाचं काय झालं असेल! शंभर मुलांची ती आई होती, तिचं दुःख धृतराष्ट्रापेक्षा तसूभर कमी नव्हतं. पण मुलाचं खरं हित आणि मुलाची जीत या दोन गोष्टी तिला वेगवेगळ्या दिसत होत्या.

जुन्या मराठीतला ‘अभिमान’

आता शब्दाची दुसरी बाजू. आपल्या संतवाङ्मयात अभिमान हा शब्द टाकून द्यायची वस्तू म्हणून पदोपदी येतो हे खरंच. पण हाच शब्द देवासाठी वापरलेला सापडतो, आणि तोही मोठ्या प्रेमानं. समर्थ रामदासस्वामी ‘मनाचे श्लोक’मध्ये देवाला ‘भक्ताभिमानी’ म्हणतात. आपल्यातल्या अनेकांनी ते श्लोक लहानपणी पर्वचेला म्हटलेत, पण या शब्दापाशी आपण थांबलो नसू.

भक्ताभिमानी म्हणजे भक्ताबद्दल गर्वानं फुगलेला देव? तसा अर्थ तिथे बसतच नाही. भक्ताला आपला मानणारा, त्याची उपेक्षा न करणारा, त्याचा भार स्वतःवर घेणारा, असा तो अर्थ आहे. एखाद्याचा अभिमान घेणं म्हणजे त्याची बाजू घेणं. पोरका झालेल्याला ‘हा माझा आहे’ असं चारचौघांत म्हणणं.

फरक लक्षात येतोय का? पहिल्या अभिमानात मुलाकडून आपल्याकडे काहीतरी येतं. त्याचे टक्के, त्याचं पॅकेज, त्याचा व्हिसा, आणि त्यामुळे सोसायटीत आपली मान ताठ. दुसऱ्या अभिमानात आपल्याकडून त्याच्याकडे काहीतरी जातं. आपला वेळ, आपली पेन्शन, आपली झोप, आणि कधी कधी आपली ताठ मानसुद्धा.

पहिला अभिमान मूल जिंकलं तरच टिकतो. दुसऱ्याची खरी गरज मूल हरतं त्या दिवशी लागते.

एका बापाची गोष्ट

आमच्या देहूरोडची एक गोष्ट सांगतो. ज्याची आहे त्याला विचारून लिहितोय. नाव देत नाही.

मुलगा आयटीत, तिशीच्या आतला. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त. सगळं आयुष्य शिफ्ट, ओव्हरटाइम आणि क्वार्टरच्या दोन खोल्यांत गेलेलं. पोरगं इंजिनिअर झालं, नोकरीला लागलं, रावेतला फ्लॅट बुक केला. वडिलांच्या बोलण्यात दर दुसऱ्या वाक्याला पोरगा. रविवारी कोणाच्या तरी मुलाला घरी घेऊन यायचे. ‘याला जरा सांग रे, अभ्यास कसा करायचा, मुलाखतीत काय विचारतात.’

आणि एके दिवशी मुलाची नोकरी गेली. कपात झाली, त्यात याचं नाव आलं. त्यानं घरी सांगितलं नाही. सकाळी साडेआठला डबा घेऊन, बॅग पाठीला लावून निघायचा. लॅपटॉप कंपनीनं परत घेतलेला. बॅग रिकामी दिसू नये म्हणून आत दोन जाडजूड पुस्तकं. बाईक काढून भंडाऱ्याच्या डोंगरावर जायचा. जिथे तुकोबाराय एकांतात बसायचे, तिथे हा मोबाईलवर अर्ज भरत बसायचा. मला तो तिथेच भेटला. चार महिने हे असं चाललं होतं. रविवार मात्र त्याला सगळ्यात जड जायचा. कारण वडील अजूनही पोरं घेऊन यायचे, आणि हा त्यांना मुलाखत कशी द्यायची ते सांगायचा.

मी विचारलं, ‘सांगत का नाहीस?’

तो म्हणाला, ‘दादा, मला ओरडतील याची भीती नाही वाटत. त्यांना उद्यापासून चौकात काय बोलायचं हेच उरणार नाही, त्याची भीती वाटते.’

मंडळी, हे वाक्य आपण सगळ्यांनी नीट ऐकायला हवं. पोरगा बापावर रागावलेला नव्हता, तो बापाला सांभाळत होता. आपण ज्याला अभिमान म्हणतो तो मुलाच्या डोक्यावर ठेवलेल्या भरल्या हंड्यासारखा होऊ शकतो. पाणी सांडू नये म्हणून ते लेकरू मान हलवत नाही, ठेच लागली तरी खाली बघत नाही. आणि आपल्याला वाटतं, किती ताठ चालतंय!

शेवटी एका एकादशीच्या आदल्या रात्री त्यानं सांगून टाकलं. वडील बराच वेळ गप्प बसले. मग पहिला प्रश्न विचारला, ‘फ्लॅटचा हप्ता कसा भरलास?’ तो म्हणाला, ‘आतापर्यंत साठवलेल्यातून. पुढच्या महिन्याचं नाही माहीत.’ वडील म्हणाले, ‘पुढचा माझ्याकडे.’ आणि झोपायला गेले. समजूत घालणं नाही, पाठीवर हात नाही. त्या पिढीतल्या बऱ्याच बापांना ते येतही नाही.

खरी गोष्ट तिसऱ्या दिवशी घडली. सकाळी चहाच्या टपरीवर निवृत्त मंडळींचा रोजचा अड्डा असतो. कोणीतरी सवयीनं विचारलं, ‘काय, साहेब गेले का ऑफिसला?’ वडील म्हणाले, ‘नोकरी गेलीय पोराची. शोधतोय. तुमच्या कोणाच्या ओळखीत असलं तर सांगा.’

मुलाला हे दुसऱ्याकडून कळलं. मला सांगताना त्याचा आवाज भरून आला होता. म्हणाला, ‘दादा, इतकी वर्षं ते सगळ्यांना माझं कौतुक सांगत होते. पण त्यांना माझा अभिमान आहे हे मला त्या दिवशी पटलं.’

बघा, अमानित्व आणि भक्ताभिमान एकाच वाक्यात आले. त्या माणसानं तेरावा अध्याय वाचलाय की नाही मला ठाऊक नाही. पण टपरीवर त्यानं स्वतःचा मान खाली ठेवला आणि मुलाचा अभिमान घेतला. पुढे तीनेक महिन्यांनी मुलाला नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे. वडिलांनी स्टेटस ठेवलं का, ते मी विचारलं नाही!

झाड आणि गुरं

आता पुन्हा माउलींकडे येऊ. इथे कोणी म्हणेल, ‘दादा, तुम्हीच सांगितलंत की मुलांत गुंतायचं नाही. आणि हा बाप तर मुलाचा हप्ता भरतोय. मग अनभिष्वंग कुठे राहिला?’

ज्ञानोबारायांनी या ठिकाणी एक फार सुंदर दृष्टान्त दिलाय. ज्ञानी माणसाला आपली मुलं कशी वाटतात? मुक्कामाला आलेल्या वाटसरूंसारखी. किंवा झाडाखाली येऊन बसलेल्या गुरांसारखी. पहिल्यांदा वाचताना हे कोरडं वाटतं. आपली मुलं म्हणजे काय गुरं?

पण जरा झाडाच्या बाजूनं विचार करा. भर उन्हात गुरं येऊन बसतात. झाड सावली हातचं राखून देतं का? सगळी देतं. कुठली गाय किती लिटर दूध देते हे विचारून देतं का? भाकड गाईला आणि दुभत्या गाईला सावली सारखीच. आणि संध्याकाळ झाली, गुरं उठून चालायला लागली, की झाड त्यांच्या मागे जात नाही, ‘माझी गुरं’ म्हणून दावं बांधत नाही. सावलीत कमी काही नाही, मालकी मात्र नाही.

तो हप्ता ही सावली होती. अनभिष्वंग म्हणजे जबाबदारी झटकणं असतं, तर माउलींनी झाडाचा दृष्टान्त दिलाच नसता, दगडाचा दिला असता.

न बघता घेतलेला अभिमान

या देहूरोडला राहण्याचं एक भाग्य आहे. इथून देहू सहा-सात किलोमीटरवर. पुणे–लोणावळा लोकलनं तुम्ही इथे उतरलात तर फलकावर नाव देहूरोड, पण देहू काही स्टेशनवर नसते. तिथून पुढे चालावं लागतं. नाव सांगतं, की हा रस्ता आहे.

दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबारायांच्या पालखीचं देहूतून प्रस्थान होतं आणि पुढे आकुर्डीला जाताना ती आमच्याच भागातून जाते. ही पालखी १६८५ च्या सुमारास कोणी सुरू केली? तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी. परंपरा असं सांगते, की तुकोबाराय १६५० मध्ये वैकुंठाला गेले तेव्हा नारायण महाराज आई जिजाईच्या पोटात होते. म्हणजे बापानं लेक पाहिला नाही, लेकानं बाप पाहिला नाही.

थोडं थांबून विचार करा. तुकोबारायांनी एक मुलगा, संतू, दुष्काळात गमावला. आणि ज्या मुलानं पुढे त्यांच्या पादुका पंढरपूरला नेण्याची वाट घालून दिली, तो त्यांनी बघितलाच नाही. आज लाखो माणसं त्या वाटेनं चालतात. ‘प्राऊड फादर’ म्हणायला बाप तिथे नव्हता. आणि लेकानं काय केलं? बापाच्या पादुका घेऊन आधी आळंदीला गेला, तिथून माउलींच्या पादुका घेतल्या आणि दोघांना एकाच पालखीत बसवून पंढरीची वाट धरली. बापाच्या मोठेपणावर स्वतःची गादी सजवण्यापेक्षा त्यानं बापाचं नाव ज्ञानोबांच्या नावाशी जोडून दिलं, आणि तेही दुसऱ्या क्रमांकावर. आजही आपण ज्ञानोबा-तुकाराम असंच म्हणतो.

देहूरोडलाच दुसरी एक जागा आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आज तिला धम्मभूमी म्हणतात. त्यांनी पुढे स्वीकारलेला मार्ग बुद्धाचा. पण लहानपणीचं त्यांचं घर कबीरपंथी होतं, आणि वडील सुभेदार रामजी हे भजन-पूजनात रमणारे, मुलांकडून संतांच्या रचना पाठ करून घेणारे गृहस्थ होते. परळच्या चाळीत एका खोलीत सगळं बिऱ्हाड. तिथे अभ्यासाला शांतता कशी मिळणार? म्हणून भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे, वडील जागे राहायचे आणि रात्री दोनला मुलाला उठवून मग स्वतः झोपायचे. मुलाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले, तर लग्न झालेल्या मुलीकडून दागिना मागून घ्यायचे, तो गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, पुढे बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले. त्याच वर्षी मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकायला अमेरिकेला रवाना झाला. पुढचं काहीच त्यांनी बघितलं नाही. ना त्या पदव्या, ना चवदार तळं, ना संविधान, ना देहूरोडची ती मूर्ती. त्यांचा अभिमान रात्री दोन वाजता जागा असायचा. बघायला कोणी नसायचं.

म्हणून मला वाटतं, खऱ्या अभिमानाला निकाल बघायला मिळालाच पाहिजे असं नसतं. तो निकालाच्या आधीच आपलं काम करून मोकळा झालेला असतो.

मग कौतुक करायचंच नाही का?

करायचं! भरभरून करायचं. इथे एक गल्लत होते. आपल्या घरांतून ‘तोंडावर कौतुक केलं की पोरं शेफारतात’, ‘नजर लागते’ असं म्हणून कित्येक मुलांना एक चांगला शब्द मिळत नाही. बाप परगावी सगळ्यांना सांगतो आणि घरी येऊन म्हणतो, ‘त्या शेजारच्याला बघ.’ याला अमानित्व म्हणत नाहीत. अमानित्व म्हणजे स्वतःला मान नको असणं. दुसऱ्याला त्याच्या हक्काचं कौतुक न देणं, हा कंजूषपणा झाला.

‘कौतुक’ हा शब्दही बघा. ज्ञानोबाराय श्रोत्यांना म्हणतात, की तुम्ही माझे आईबाप आहात, आणि लेकराच्या बोबड्या बोलांनी आईबापांना आनंदच होतो. म्हणजे कौतुक कशाचं असतं? बोबड्या बोलाचं! जे अजून नीट जमलेलं नाही, त्याचं. पहिल्या पावलाला आपण टाळ्या वाजवतो तेव्हा ते पाऊल डगमगणारंच असतं. मग शाळा सुरू झाली की आपण फक्त न डगमगणाऱ्या पावलांनाच टाळ्या का वाजवायला लागतो?

आणि आपला पांडुरंग तरी वेगळं काय करतोय? पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, देव दाराशी आला, त्यानं वीट पुढे सारली. देव रागावला नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पुंडलिकानं कुठलं राज्य जिंकलं नव्हतं, तो आईबापांचे पाय चेपत होता. ते बघत देव अजून उभा आहे. कौतुकानं बघणं कसं असतं, त्याची मूर्तीच ती.

मुलानं खरोखर काही मोठं केलं, तर आनंद कुठे ठेवायचा, हेही गीता सांगते. दहाव्या अध्यायाच्या शेवटाकडे भगवंत म्हणतात, की जिथे जिथे काही तेजस्वी, सुंदर, बलवान दिसेल, ते माझ्या तेजाच्या अंशातून आलंय असं समज. म्हणजे लेकीचा गळा गोड आहे, लेकाला गणित सुचतं, तर ती विभूती आपल्या घरात मुक्कामाला आलीय. ‘हे मी घडवलं’ म्हटलं की मान ताठ होते. ‘हे आमच्याकडे आलं’ म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. आनंद दोन्हीकडे आहे, पण दुसऱ्यात मुलाच्या डोक्यावर हंडा नाही.

तुम्ही अजून ‘मुलं’च असाल तर

हे वाचणारे बरेचजण पालक नाहीत, कोणाची तरी मुलं आहेत. आईबाबांचं स्टेटस बघून ‘प्लीज डिलीट करा ना’ म्हणणारी. त्यांना दोन शब्द.

चिडू नका. ज्या माणसानं तीस वर्षं एकाच गेटमधून पास दाखवून ये-जा केली, त्याला स्वतःबद्दल चारचौघांत सांगायला फारसं काही मिळालेलं नसतं. तुमचं यश ही त्याची बसायची जागा आहे. तो तिथे घडीभर टेकतो. टेकू द्या.

पण तुमच्या खऱ्या अवस्थेपासून त्यांना लांब ठेवू नका. नोकरी गेली, नापास झालात, लग्न मोडतंय, मन लागत नाही, जे असेल ते सांगा. त्यांच्या पहिल्या प्रतिक्रियेवर निकाल लावू नका. वरच्या गोष्टीतल्या वडिलांना टपरीवर ते वाक्य म्हणायला तीन दिवस लागले. आईबापांनाही स्वतःचा मान खाली ठेवायला थोडा वेळ लागतो. तेवढा त्यांना द्या. आणि समजा त्यांना नाहीच जमलं, तर ‘भक्ताभिमानी’ हे नाव समर्थांनी ज्याचं सांगितलंय, तो आहेच. तो पॅकेज विचारत नाही.

आजची साधना

१. मुलाबद्दल (किंवा कोणाही आपल्या माणसाबद्दल) अभिमान वाटला, की मनात एक प्रश्न विचारायचा : हे कोणालाच सांगता आलं नाही, तरी माझा आनंद एवढाच राहील का? जेवढा कमी होईल, तेवढा मान आहे. जेवढा उरेल, तेवढं प्रेम.

२. आज रात्री आपल्या माणसाला एक चांगली गोष्ट सांगायची, जिचा गुणांशी, पगाराशी, निकालाशी काही संबंध नाही. ‘आजीला गोळ्या आठवणीनं दिल्यास, मला बरं वाटलं.’ एवढंच.

३. घरात कोणी सध्या हरलेलं असेल, तर त्याचं नाव आज चारचौघांत आपलेपणानं घ्यायचं. लपवायचं नाही, सारवासारव करायची नाही.

झोपताना तेराव्या अध्यायातल्या त्या पाच श्लोकांवर पुन्हा एकदा नजर टाका. अमानित्व आधी आहे, अनभिष्वंग नंतर. आपला मान थोडा बाजूला झाला, की मगच समोरचं लेकरू जसं आहे तसं दिसायला लागतं.

उद्या पुढचं लक्षण घेऊ.

राम कृष्ण हरि!